मागच्या दांड्यावरचं वजन

मी बायकांना गाडी शिकवते. जालना रोडवर सकाळी सकाळी एखादी पांढरी छोटी कार गचके खात चाललेली दिसली आणि आतून कुणी तरी ‘क्लच! अगं बाई, क्लच!’ म्हणून ओरडताना ऐकू आलं, तर ओरडणारी मी, तनुजा. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. पट्टा न लावता किल्ली फिरवणाऱ्या बाईला मी गाडीतून खाली उतरवते, मग ती कलेक्टरीणबाई का असेना. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, तनुजा, तू भित्री झालीस. मी भित्री नाही. भुताखेतांवर माझा विश्वासही नव्हता. तो विश्वास आमच्या सासूबाईंचा.

सासूबाई म्हणजे वच्छलाबाई, वैजापूरकडच्या. दिवस कलला की बाहेरून आलेल्या पहिल्या हाकेला त्या ओ देत नाहीत. दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच. ‘माणूस तीनदा हाक मारतं,’ त्या म्हणतात, ‘जे माणूस नसंल त्याला तिसरी जमत नाय. अन् त्याला ओ दिली का ते मागं मागं येतं.’ गारखेड्यात आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. कुरियरवाला दारात दोनदा ओरडतो आणि पार्सल घेऊन परत जातो, कारण सासूबाई तिसऱ्या हाकेची वाट बघत आतच बसलेल्या असतात. माझे निम्मे कपडे असे दुकानाला परत गेलेले आहेत. मी चिडते, त्या हसतात. त्यांची दोन्ही मुलं मात्र याच नियमात वाढली. थोरला विश्वजीत, माझा नवरा, आणि धाकटा ऋतुराज.

ऋतुराज आता नाही.

दोघा भावांना पाण्याचा नाद होता. कुठून लागला देव जाणे, आमच्याकडे समुद्र म्हणजे सहलीला जाऊन बघायची गोष्ट. पण दोघांनी गोव्याहून एक जुनी शिडाची होडी आणली. ही आपल्याकडच्यासारखी एकच होडी नसते. दोन लांब, निमुळत्या, पोकळ होड्या असतात, त्यांना जोडणारे दोन आडवे दांडे, एक पुढे आणि एक मागे, आणि मधल्या जागेत बाजेसारखं ताणून बसवलेलं जाड कापड. त्या कापडावर माणसांनी बसायचं. नाथसागर धरणाच्या काठाला सांडू नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात ती होडी ठेवलेली असायची. रविवार आला की दोघे पैठणच्या रस्त्याला लागायचे.

दोन वर्षांपूर्वी भर पाण्यात ऋतुराज घसरून पडला. तेव्हा होडीला मोटार नव्हती, नुसतं शीड. अशी होडी वाऱ्यावर सुसाट धावते, पण तिला मागे वळवणं म्हणजे अरुंद बोळात ट्रॅक्टरची ट्रॉली वळवणं. विश्वजीतने वळवायला घेतली तर ती वाऱ्याकडे तोंड करून अडकली आणि उलटी मागे मागे सरकत लांब गेली. ऋतुराज ‘दादा, दादा’ म्हणून हाका मारत होता. त्या सगळ्या विश्वजीतला ऐकू आल्या. मग थांबल्या. कोळ्यांनी शोधलं, अग्निशमन दलाने शोधलं, पण देह सापडला नाही. दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकावं लागलं. त्या दिवशी सासूबाई घाटावर रडल्या नाहीत. घरी येऊन दोन ताटं वाढली, एक विश्वजीतला, एक ऋतुराजला, आणि मग भानावर येऊन हंबरडा फोडला. तो आवाज मी विसरणार नाही.

त्यानंतर विश्वजीतच्या तोंडी एकच वाक्य. ‘मोटार असती तर वळलो असतो.’ वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला शहाणा माणूस, पण जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी मुंबईहून एक वापरलेली छोटी मोटार आणलीच. मिक्सरच्या दोन भांड्यांएवढं डोकं, खाली लांब पाय आणि पायाला पंखा. दोरी ओढली की सुरू. चिकलठाण्याकडे वेल्डिंगचं दुकान असलेल्या निजामुद्दीनभाईंनी मागच्या दांड्यावर ती अडकवायला लोखंडी बैठक करून दिली. त्यांनी होडी पहिल्यांदाच बघितली होती. चहूबाजूंनी फिरून म्हणाले, ‘भाभी, सारा वजन पीछे हो गया. आप लोगां आगेच बैठना.’

ते खरंच होतं. अशा होडीची मागची टोकं बारीक असतात, मोटारीच्या वजनाने ती आधीच निम्मी बुडतात. त्यात एखादा माणूस मागे बसला की पाणी दांड्यावरून आत येतं, आणि ते मोटारीच्या डोक्याला लागलं की खेळ संपला. म्हणून विश्वजीतने एक रीत बसवली. मोटार सुरू करायची, वेग ठरवायचा, ती सरळ बांधून टाकायची आणि आपण दोघांनी पार पुढे जाऊन बसायचं. दोन्ही होड्यांना मागे एकेक सुकाणू, ती जोडणारा एक आडवा गज आणि त्या गजाला लांब काठी होती, ती काठी हातात धरून पुढून होडी हाकायची. मोटारीला एक लाल गुंडाळीची दोरी होती. ती मनगटाला अडकवायची, म्हणजे माणूस पडला की दोरी निसटते आणि मोटार बंद पडते. ती पुढपर्यंत पुरेना, म्हणून विश्वजीतने ती मोटारीलाच गुंडाळून ठेवली. यावरून मी त्याला किती बोलले! गाडीचा टिणटिण आवाज बंद करायला पट्टा पाठीमागून लावणारे लोक असतात ना, अगदी तसलं हे काम. पण ऐकेल तर तो विश्वजीत कसला.

मी बरोबर जायचे, कारण त्याला एकट्याला सोडायची माझी छाती नव्हती. दर रविवारी तो त्याच जागी जायचा. शीड उभारायचाच नाही. मोटारीवर नुसता फेऱ्या मारायचा आणि मान वळवून वळवून मागे बघायचा. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मी विचारलं, ‘मागं काय बघतोस सारखं?’

‘हाक येते,’ तो म्हणाला.

यंत्राच्या घरघरीत माणसाला काहीही ऐकू येतं. मिक्सर चालू असला की फोन वाजल्यासारखा वाटतो, दारावरची बेल वाजल्यासारखी वाटते. मी त्याला तसं समजावलंही. त्याने मान हलवली. आणि पुढच्याच रविवारी तो हाकेला एकदम वळला, हातातली काठी त्याच्याबरोबर फिरली, होडी गर्रकन आडवी झाली, आणि मी बघते तर हा कमरेपर्यंत बाहेर वाकून पाण्याकडे हात लांब करतोय. मी पट्ट्याला धरून त्याला आत ओढलं. घरी जाताना गाडीत मी पहिल्यांदा हिशेब मांडला की, हा माणूसही जाणार. आज नाही तर पुढच्या खेपेला.

म्हणून मी सासूबाईंचा नियम बाहेर काढला. माझा विश्वास नव्हता, पण त्याचा होता, आणि घोडा ज्या लगामाला ऐकतो तोच लावायचा असतो.

‘आईंचं पोर ना तू? मग पाळ की नियम,’ मी म्हणाले. ‘हाक आली की एक बोट वर कर. मागं बघायचं नाय. दुसरी आली, दुसरं बोट. तिसरं बोट वर झालं तरच वळायचं. कबूल?’

‘कबूल.’

आणि तोडगा लागू पडला. पाण्याच्या मध्यावर आलो की त्याचं एक बोट वर जायचं. कधी दोन. पण तिसरं कधीच जात नसे. थोडा वेळ हात हवेत राहायचा आणि मग हळूच मांडीवर यायचा. मागे बघणं पार थांबलं. चेहऱ्यावर जरा रंग आला, जेवण वाढलं. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. एक गोष्ट तेवढी कुणाला सांगितली नाही. त्या घरघरीत मलाही अधूनमधून ऐकू यायचं. मला ‘दादा’ नाही, ‘वहिनी’ ऐकू यायचं. असं झालं की मी मोठमोठ्याने बोलायला लागायचे.

फेब्रुवारीतली गोष्ट. आम्ही निघालो तेव्हा सांडू काठावर पाणी उतरलेल्या गाळात पेरलेल्या, गाळपेरीच्या हरभऱ्यात उभा होता. ‘ताई, पाणी लई उतरलंय,’ तो ओरडला. ‘कोळ्यांची जाळी वर आल्यात. पंख्यात घेताल, बघा.’

‘बघते!’ मी म्हणाले आणि आम्ही गेलो.

त्या दिवशी वारा नव्हता. पाणी आणि आभाळ एकाच मळक्या रंगाचं, मधली रेघ दिसत नव्हती. थर्माकोलच्या तराफ्यावरचे कोळीसुद्धा घरी गेलेले. लांब कुठे तरी पक्ष्यांचा थवा होता, तोही आवाज करत नव्हता. त्या सगळ्या विस्तारात आमची एकटीच मोटार घरघरत होती आणि ती घरघर परत येऊन आम्हालाच लागत होती. विश्वजीतने एकदा बोट वर केलं, हात खाली घेतला. उजेड पिवळा पडायला लागला.

तेवढ्यात मोटारीचा आवाज बदलला. खडखड सुरू झाली. बैठकीला आवळलेले पेच थरथरीने सैल झाले असणार, हे मला कळलं.

‘मी आवळून येते. तू हलू नको,’ मी म्हणाले आणि कापडावरून रांगत मागे गेले.

पेच दांड्याच्या खालच्या अंगाला होते. वाकायला अंगातलं तरंगायचं जॅकेट आड येत होतं, म्हणून मी त्याचं खालचं बक्कल काढलं. होय, मीच. पट्ट्यासाठी बायकांना उन्हात उतरवणारी. एक पेच आवळला, दुसऱ्याला हात घातला, आणि समोर जाळ्याला बांधलेल्या रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या म्हणून विश्वजीतने काठी झटक्यात ढकलली. दोन्ही सुकाणूंना जोडणारा आडवा गज फिरून माझ्या नडगीवर बसला. मी डोक्यावरच पाण्यात गेले.

पाणी इतकं गार होतं की छाती आवळली. वर आले तर जॅकेट कानांपर्यंत चढलेलं, हनुवटी त्यात रुतलेली, आणि पायाला काही तरी लागलेलं. जाळं होतं. ओढलं तसं ते आणखी आवळलं. होडी आपल्या चालीने पुढे चाललेली. पुढच्या टोकाला विश्वजीतची पाठ, ताठ, मोटारीच्या आवाजाच्या पलीकडे.

‘विश्वजीत!’ मी ओरडले. असं ओरडले की ट्रकवाल्याने ब्रेक मारला असता.

त्याने ऐकलं. त्याचे खांदे हलले, मला दिसलं. पण त्या घरघरीत हाक कुणाची ते त्याला कळलं नसावं, कारण त्याचा डावा हात वर गेला. एक बोट.

दोन वर्षांपूर्वी त्याला वळता येत नव्हतं. आता येत होतं, आणि वळू नको म्हणून मीच त्याला शिकवलं होतं. घोटवून घोटवून शिकवलं होतं, चांगली मास्तरीण मी.

‘विश्वजीत!’

दोन बोटं.

तिसऱ्या हाकेसाठी मी तोंड उघडलं आणि जाळ्याने पाय खाली ओढला. तोंडात पाणी, नाकात पाणी. वर आले तेव्हा आवाजच नव्हता. खोकलाही धड येत नव्हता, नुसती घशात खरखर. मी हात हलवला. कुणाला दिसणार? त्याची पाठ माझ्याकडे होती. आभाळाच्या त्या मळक्या पडद्यावर ती दोन बोटं तेवढी उभी होती आणि लहान होत चालली होती. हात नेहमीसारखा थोडा वेळ हवेत राहिला. मग खाली यायला लागला. मला आता बुडायची भीती वाटत नव्हती. मला वाटत होतं की, हा घरी जाऊन आईंना काय सांगेल? पुन्हा तेच सांगेल?

हात अर्ध्यावर थांबला.

परत वर गेला. तिसरं बोट उघडलं.

मी हाक मारली नव्हती. हे मी कुठेही, कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन. माझ्याकडे श्वासच नव्हता.

विश्वजीत वळला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं नाही. आधी बघितलं ते मागच्या दांड्याकडे, मोटारीच्या शेजारी, जिथे कुणीच नव्हतं. मग त्याच्या नजरेला पाण्यातलं माझं केशरी जॅकेट पडलं आणि त्याने काठी अंगावर ओढली. मोटार होती. होडी वळली. मोठं वर्तुळ घेऊन ती माझ्याकडे आली, जवळ येताच तो मागे झेपावला, मोटार बंद केली, पालथा पडून माझ्या दोन्ही काखांत हात घातले. जाळ्याच्या धाग्यांनी घोट्याची सालं काढली तेव्हा कुठे पाय सुटला.

कापडावर पडल्या पडल्या मी खोकत होते आणि तो माझ्यावर ओरडत होता. रडतही होता. ‘तिसरी मारायला एवढा उशीर लावतात व्हय? मी हात खाली घेतला होता, तनू! घेतलाच होता!’

‘मी तिसरी मारलीच नाही,’ मी म्हणाले.

त्याने मागच्या दांड्याकडे बघितलं.

‘दोनच मारल्या. मग तोंडात पाणी गेलं.’

‘नाय,’ तो म्हणाला. ‘“दादा, वहिनी!” अशी आली. इथं, कानाशी.’

मोटार बंद होती. होडीखाली पाणी चुळचुळ करत होतं आणि त्या शांततेत मला माझे दात वाजलेले ऐकू येत होते. दोन हाका माझ्या होत्या. ऋतुराजची एकच. जे माणूस नाही त्याला तिसरी जमत नाही म्हणतात, पण मोजणीच माझी नि त्याची मिळून झाली होती, त्याला काय करायचं?

‘चल,’ मी म्हणाले. ‘अंधार पडायच्या आत काठ गाठ.’

त्याने पेच आवळले, दोरी ओढली, मोटार लागली. आम्ही दोघे पार पुढे, पुढच्या दांड्याला पाठ लावून बसलो. तोंड मागे. काठी त्याच्या हातात. त्याने आता पुढे बघायचा प्रयत्नही केला नाही, काठाकडे मी बघून सांगत होते.

आणि होडी उठेना. एरवी आम्ही पुढे बसलो की मागची टोकं वर यायची. आज ती खाली बसलेली. मागच्या दांड्यावरून पाणी आत येत होतं, मोटारीच्या पायावर चढत होतं. मी पहिल्यांदा शहाण्यासारखं वागले. होडीत पाणी शिरलं असेल म्हणून दोन्ही पोकळ होड्यांवरची झाकणं उघडून हात घातला, आत कोरडं. जाळं अडकलं असेल म्हणून रांगत जाऊन बघितलं, पंखा मोकळा. पुढे येऊन बसले. मागे कुणी नाही, काही नाही, आणि एक माणूस बसल्यागत मागचा दांडा दबलेला.

‘तो मागं बसलाय,’ विश्वजीत म्हणाला. घाबरून नाही, एखाद्याने पाहुणे आल्याचं सांगावं तसं. ‘मी वळलो, तनू. म्हणजे ओ दिलीच की मी त्याला.’

काठ अजून लांब होता, सांडूच्या रानातला दिवा बारीक ठिपक्याएवढा. मोटार गुदमरल्यासारखी एकदा खोकली. पाणी तिच्या डोक्याशी आलं होतं. ती बंद पडली की आम्ही या पाण्यात अंधारात अडकणार. मला भीती वाटली, भयंकर वाटली, आणि मला भीती वाटली की जे होतं तेच झालं. माझं डोकं फिरलं.

‘भाऊजी!’ मी खेकसले. ‘मागं कशाला बसलात? वजन होतंय ना मागं! मोटार बुडवायचीय का? या पुढं. या इथं, माझ्या शेजारी बसा!’

विश्वजीतने माझा हात धरला.

मागचा दांडा हळूहळू वर आला. त्यावरून पाणी ओघळून गेलं. मोटारीचा आवाज मोकळा झाला आणि होडी सपाट होऊन पळायला लागली. माझ्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर, ताणलेलं कापड खाली दबलं. कापडावर सांडलेलं पाणी इकडून तिकडून वळवळत आलं आणि त्या खोलगट जागेत जमा झालं.

मी सरकले नाही. मान वळवून तिकडे बघितलंही नाही. थंडीने कुडकुडत समोर बघत बसले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन वर्षांत मी त्याच्यासाठी रडलेच नव्हते. माझा सगळा वेळ विश्वजीतला धरून ठेवण्यात गेला होता.

काठ आला. सांडूच्या दिव्याखाली बांधलेली म्हैस दिसायला लागली. मोटार बंद करून उरलेल्या वेगावर काठाला लागायची हीच जागा. विश्वजीत उठला नाही. मीही त्याला उठ म्हणाले नाही. त्याने काठी जराशी ढकलली, होडीने काठाजवळ वळण घेतलं आणि काठाकाठाने चालायला लागली. उथळ पाणी होतं, उभं राहिलं तर कमरेला लागलं असतं. एक फेरी झाली, दुसरी झाली. विश्वजीत एका हाताने काठी धरून होता, दुसरा हात माझ्या पाठीमागून त्या दबलेल्या जागेच्या वर, कापडाला न टेकवता, तसाच धरून होता. सांडू काठावर येऊन उभा राहिला, काही विचारावं का नाही अशा चेहऱ्याने, आणि न विचारताच परत गेला.

त्या मोटारीची टाकी केवढीशी. पेट्रोल संपत आलं तसा तिचा सूर चढला, तुटला, परत लागला. मग ती दोनदा खोकली आणि थांबली. एकदम इतकं शांत झालं की काठावरच्या हरभऱ्यातले किडे ऐकू आले. होडी आपल्या वेगाने थोडी पुढे गेली आणि वाळूला लागली.

माझ्या शेजारचं कापड वर यायला लागलं. मधलं पाणी पसरून माझ्या मांडीला लागलं.

‘थांबा की भाऊजी,’ मी म्हणाले. ‘एवढी काय घाई आहे?’